शीतयुद्ध संपलं कसं: एका मिसाइल कराराचं पूर्ण प्रकरण

शीतयुद्ध कसं संपलं असं कुणालाही विचारा, दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणजे बर्लिनची भिंत पडली. दुसरं म्हणजे अमेरिकेचा अध्यक्ष रेगन याने स्टार वॉर्सची घोषणा केली, रशियाने त्याच्याशी बरोबरी करायला पैसा ओतला आणि त्यात त्यांचं दिवाळं निघालं. दुसरं उत्तर आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फार फिरतं. पहिलं चूक नाही, पण भिंत पडली १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये आणि तोपर्यंत दोन्ही देशांमधलं खरं वैर बऱ्यापैकी ओसरलं होतं, नाहीतर भिंतीवर चढणाऱ्या पोरांवर गोळ्या चालल्या असत्या. दुसऱ्या उत्तराबद्दल पुढे बोलतो, कारण ते मला पटत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हे वैर वितळायला लागलं त्याची जागा दाखवायची तर ती आयएनएफ करार, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्र मिसाइलांचा करार, सह्या ८ डिसेंबर १९८७, वॉशिंग्टन. आणि त्यातही मिसाइलं कमी झाली यापेक्षा मोठी गोष्ट ही की दोघांनी एकमेकांची माणसं आपापल्या फॅक्टरीच्या गेटवर कायमची बसवून घेतली. चाळीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते हे. म्हणून हे एकच प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू.

सुरुवात कुठे झाली

१९७६-७७ च्या सुमारास सोव्हिएत युनियनने एसएस-२० नावाचं नवं मिसाइल बसवायला घेतलं. त्यांच्याकडे आधी एसएस-४ आणि एसएस-५ होती, पण ती जुनी, द्रव इंधनाची, तयारीला वेळ खाणारी, एका जागी खिळलेली. एसएस-२० घन इंधनावर चालणारं, मोठ्या ट्रकवर बसवून जंगलात कुठेही हलवता येणारं, पल्ला साधारण ५००० किलोमीटर आणि एकावर तीन वॉरहेड. म्हणजे पॅरिस, लंडन, बॉन, रोम सगळं टप्प्यात, पण अमेरिका टप्प्यात नाही. आणि हीच तर खरी गोची होती. पश्चिम युरोपला वाटायला लागलं की उद्या आपल्यावरच हल्ला झाला तर अमेरिका आपल्यासाठी न्यूयॉर्क पणाला लावेल का? पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट श्मिट यांनी ऑक्टोबर १९७७ मध्ये लंडनच्या भाषणात हा विषय उघड मांडला.

मॉस्कोतल्या लोकांनी हा निर्णय नेमका कशासाठी घेतला याचा विचार केला तर मला वाटतं त्यात फार मोठा डाव वगैरे नव्हता. जुनं मिसाइल बदलून नवं आणायचं, कारखाना चालू ठेवायचा, लष्कराने मागितलं म्हणून दिलं. युरोपातल्या लोकांना ते कसं दिसेल हा प्रश्न तिथे कुणी नीट विचारलाच नसावा, आणि हा न विचारलेला प्रश्न पुढे दहा वर्षं महागात पडला.

१२ डिसेंबर १९७९ ला ब्रसेल्समध्ये नाटोने उत्तर दिलं, तेही दुहेरी. एकीकडे वाटाघाटीची ऑफर आणि दुसरीकडे धमकी, की बोलणी फसली तर १९८३ पासून युरोपात ५७२ अमेरिकन मिसाइलं बसवू, त्यात १०८ पर्शिंग-२ आणि ४६४ क्रूझ. त्यानंतर दोनच आठवड्यांत सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, त्याच वर्षी जूनमध्ये व्हिएन्नात सह्या झालेला, लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा सॉल्ट-२ करार अमेरिकी सिनेटमध्ये लटकला तो लटकलाच आणि बोलण्याचं वातावरणच संपलं.

आता पर्शिंग-२ मॉस्कोला एवढं का झोंबलं ते समजून घ्यायला हवं. त्याचा पल्ला साधारण १८०० किलोमीटर, नेम अचूक, आणि जर्मनीतून सुटलं की सोव्हिएत भूमीवर दहा मिनिटांच्या आत. अमेरिका म्हणत होती की ते मॉस्कोपर्यंत पोचत नाही, सोव्हिएत लष्कराचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांच्या नजरेतून बघा, एसएस-२० कितीही बसवली तरी वॉशिंग्टनला धक्का लागत नव्हता पण पर्शिंग आलं की क्रेमलिनमधल्या माणसांना उठून फोन उचलायलाही वेळ मिळणार नाही. म्हणजे आपणच एसएस-२० बसवून आपल्याच डोक्यावर टांगती तलवार ओढवून घेतली.

१९८१ ते ८३, सगळ्यात वाईट काळ

१८ नोव्हेंबर १९८१ ला रेगनने शून्य पर्याय जाहीर केला. तुम्ही सगळी एसएस-२० काढा, आम्ही आमची बसवणारच नाही. ऐकायला गोड पण हिशेब बघितला तर एक बाजू प्रत्यक्षात उभी असलेली मिसाइलं मोडणार आणि दुसरी कागदावरची रद्द करणार. पेंटॅगॉनमधल्या कडव्या मंडळींनी हा प्रस्ताव पुढे केला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की मॉस्को नाही म्हणणार आणि दोष त्यांच्यावर जाणार म्हणूनच हे चाललंय. माझ्या मते रेगनच्या बाबतीत मात्र तसं नव्हतं, त्या माणसाला अण्वस्त्रांचा मनापासून तिटकारा होता, हे त्याच्या पुढच्या वागण्यावरून स्पष्ट दिसतं. त्याच्या टीकाकारांना आणि त्याच्या भक्तांना, दोघांनाही हे पचत नाही.

जिनेव्हात बोलणी सुरू झाली. १९८२ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे पॉल निट्झे आणि सोव्हिएत बाजूचे युली क्वित्सिन्स्की जुरा डोंगरात फिरायला गेले आणि एका लाकडाच्या ओंडक्यावर बसून दोघांनी स्वतःच्या जबाबदारीवर एक तडजोड आखली, दोघांनी युरोपात प्रत्येकी ७५ लाँचर ठेवायचे आणि अमेरिकेने पर्शिंग सोडून द्यायचं. चांगली तडजोड होती ती. दोन्ही राजधान्यांनी ती फेटाळली. मला या प्रसंगाचं फार वाईट वाटतं, कारण दोन कसलेली माणसं उत्तर शोधून आली होती आणि त्यांच्यामागे उभं राहायला वर कुणी नव्हतं. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आजारी, चार महिन्यांत गेलेच. नंतर आंद्रोपोव्ह, ते फेब्रुवारी १९८४ मध्ये गेले, नंतर चेरनेन्को, ते मार्च १९८५ मध्ये. सव्वादोन वर्षांत तीन नेते गेले, बोलायचं तरी कुणाशी.

१९८३ हे वर्ष तर अंगावर काटा आणणारं आहे. मार्चमध्ये रेगनने सोव्हिएत युनियनला दुष्ट साम्राज्य म्हटलं आणि पंधरवड्यात अंतराळातून मिसाइल अडवायची एसडीआय योजना जाहीर केली, तीच स्टार वॉर्स. १ सप्टेंबरला सोव्हिएत विमानाने वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं गेली. २६ सप्टेंबरच्या रात्री मॉस्कोजवळच्या इशारा केंद्रात कॉम्प्युटरने दाखवलं की अमेरिकेने मिसाइलं सोडलीत, एक नाही पाच, आणि ड्युटीवर असलेल्या स्तानिस्लाव्ह पेट्रोव्ह या अधिकाऱ्याने ठरवलं की हा खोटा अलार्म आहे, कारण खरा हल्ला पाच मिसाइलांनी कोण करेल. सॅटेलाइटला ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश दिसला होता. नोव्हेंबरमध्ये नाटोने एबल आर्चर नावाचा सराव केला, त्यात अण्वस्त्र वापरायच्या परवानगीची तालीम होती आणि सोव्हिएत बाजूला काहींना वाटलं की सरावाच्या आडून खराच हल्ला येतोय, पूर्व जर्मनी आणि पोलंडमधली काही विमानं सज्ज ठेवली गेली. तिथली भीती किती खोल होती यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. पण १८ नोव्हेंबरच्या डायरीत रेगनने लिहिलंय की सोव्हिएत मंडळी हल्ल्याच्या भीतीने इतकी ग्रासलेली आहेत की आपला तसा काही विचार नाही हे त्यांना सांगायला हवं. जानेवारी १९८४ च्या भाषणापासून त्याचा सूर बदलला तो यामुळेच असं मला वाटतं.

रस्त्यावर लोक होतेच. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये बॉनमध्ये जवळपास तीन लाख माणसं जमली, इंग्लंडमध्ये ग्रीनहॅम कॉमनच्या तळाबाहेर बायकांनी तळ ठोकला तो वर्षानुवर्षं. तरीही २२ नोव्हेंबर १९८३ ला जर्मन संसदेने मिसाइलांना मंजुरी दिली आणि दुसऱ्याच दिवशी सोव्हिएत प्रतिनिधी जिनेव्हातून उठून गेले.

मॉस्कोत माणूस बदलला

११ मार्च १९८५ ला मिखाईल गोर्बाचेव्ह सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस, म्हणजे देशाचा सर्वोच्च नेता झाला, वय ५४. जुलैमध्ये त्याने अनेक वर्षांचे परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांना बाजूला करून एदुआर्द शेवर्दनाद्झे यांना आणलं, ज्यांना परराष्ट्र खात्याचा अनुभव जवळपास शून्य होता. मुद्दाम आणलं. जुन्या सवयी नसलेला माणूस हवा होता.

त्याच्यासमोर काय वाढून ठेवलं होतं ते बघा. अफगाणिस्तानातून बॉडी परत येत होत्या. तेलाच्या पैशावर देश धान्य विकत घेत होता आणि १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले, वर्षाच्या आत निम्म्याहून खाली. लष्करावर नक्की किती खर्च होतो याचे खरे आकडे पॉलिटब्युरोतल्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीतल्या बऱ्याच जणांनासुद्धा मिळत नव्हते. आणि मग २६ एप्रिल १९८६, चेर्नोबिल. एक रिॲक्टर फुटला, स्फोट बॉम्बचा नव्हता, तरी अख्ख्या देशाची यंत्रणा ते आवरता आवरता मेटाकुटीला आली, आणि जवळ राहणाऱ्यांनाही खरं सांगितलं गेलं नाही. अणुयुद्ध झालं तर काय होईल याचा अंदाज कागदावरून येत नव्हता तो त्या महिन्यांत आला. शिवाय लपवाछपवीची किंमत काय असते तेही कळलं. पुढे इन्स्पेक्टरांना आत घ्यायला गोर्बाचेव्ह तयार झाला त्यामागे माझ्या मते चेर्नोबिलचा मोठा वाटा आहे.

आता स्टार वॉर्सने दिवाळं काढलं या उत्तराकडे येतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ, विशेषतः वेलिखोव्ह आणि सागदेयेव्ह, नेतृत्वाला सांगत होते की ही ढाल नजीकच्या काळात चालणार नाही आणि चाललीच तरी ती फोडण्याचे उपाय ती बांधण्यापेक्षा खूप स्वस्त आहेत. म्हणजे तसलीच योजना उभारण्यासाठी तिजोरी रिकामी केली असं झालेलं नाही. तिजोरी आधीच्या वीस वर्षांतच ओझ्याखाली होती, त्या काळात सोव्हिएत अण्वस्त्रांची संख्या वाढत वाढत १९८६ ला ४०,००० च्या आसपास गेली होती. एसडीआयने काही केलं असेल तर उलट दोन वर्षं बोलणी अडवून धरली, ते पुढे येतंच आहे.

नोव्हेंबर १९८५ मध्ये जिनेव्हाला रेगन आणि गोर्बाचेव्ह पहिल्यांदा भेटले. करार काही झाला नाही, पण संयुक्त निवेदनात एक वाक्य आलं की अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीही लढलं जाता कामा नये. दोन्ही बाजूंच्या लष्करी योजना याच्या बरोबर उलट गृहीत धरून लिहिलेल्या होत्या, म्हणून हे वाक्य महत्त्वाचं.

रेक्याविक

११ आणि १२ ऑक्टोबर १९८६, आइसलँडची राजधानी, समुद्राकाठचं होफ्दी हाउस नावाचं छोटं पांढरं घर. ही भेट खरं तर पुढच्या मोठ्या शिखर परिषदेची तयारी म्हणून ठरली होती, अमेरिकन लोक फारशा अपेक्षा न ठेवता आले आणि गोर्बाचेव्हने फाइल उघडून एकदम सगळंच टेबलावर ठेवलं. लांब पल्ल्याची शस्त्रं निम्मी करू, युरोपातली मध्यम पल्ल्याची शून्य करू, बदल्यात एसडीआयच्या चाचण्या दहा वर्षं लॅबपुरत्या ठेवा.

रात्री दोन्हीकडचे तज्ज्ञ बसले ते सकाळी सहापर्यंत. सोव्हिएत बाजूने आला होता खुद्द लष्करप्रमुख, मार्शल सेर्गेई अख्रोमेयेव्ह, दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या आघाडीवर लढलेला माणूस. समोर तेच निट्झे. एका रात्रीत एवढं काम झालं की आधीच्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. अख्रोमेयेव्हने अमेरिकन परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांना सांगितलं होतं की तो मोहिकनांपैकी शेवटचा आहे, म्हणजे महायुद्ध लढलेल्यांपैकी सेवेत उरलेला शेवटच्यांतला एक. असा माणूस निम्मी शस्त्रं कापायला पहाटेपर्यंत बसतो याचा अर्थ सोव्हिएत लष्करातही वरच्या पातळीवर काहीतरी हललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तर कळस झाला, रेगन म्हणाला सगळीच अण्वस्त्रं काढून टाकली तरी माझी हरकत नाही, गोर्बाचेव्ह म्हणाला आपण ते करू शकतो, शुल्ट्झ म्हणाले मग करूया. बैठकीच्या नोंदींमध्ये आहे हे. आणि मग घोडं अडलं एका शब्दावर, लॅबोरेटरी. गोर्बाचेव्ह म्हणे चाचण्या लॅबच्या आतच, रेगन म्हणे मी माझ्या लोकांना ढालीचं वचन दिलंय. दोघंही अंधार पडल्यावर बाहेर आले तेव्हाचे फोटो आहेत, दोघांचे चेहरे पडलेले. ज्या ढालीचं पुढे काहीच झालं नाही तिच्यासाठी ही संधी गेली हे मला आजही सहन होत नाही.

पण एक गोष्ट झाली. दोघांना कळलं की समोरचा खरंच तयार आहे, नाटक करत नाही. याआधी वर्षानुवर्षं दोन्हीकडच्या गुप्तचर खात्यांना समोरच्याच्या मनातलं जे ओळखता आलं नव्हतं ते दोन दिवसांत कळलं.

दीड महिन्यात, नोव्हेंबर १९८६ मध्ये, गोर्बाचेव्ह दिल्लीला आला आणि राजीव गांधींबरोबर अण्वस्त्रमुक्त आणि अहिंसक जगाच्या दिल्ली जाहीरनाम्यावर सही केली. आपल्याकडे तो जाहीरनामा कुणाच्या लक्षातही नाही, त्याने थेट काही बदललं असंही मी म्हणणार नाही, पण रेक्याविक फसल्यावर हा माणूस चिडून मागे गेला नाही हे त्यातून दिसतं.

गाठोडं सोडलं

रेक्याविकमध्ये सोव्हिएत अट अशी होती की सगळं एकत्र, एकही गोष्ट सुटी मिळणार नाही. डिसेंबर १९८६ मध्ये गोर्कीतल्या नजरकैदेतून सुटून आलेले आंद्रेई साखारोव्ह, सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बचे एक जनक, त्यांनी फेब्रुवारीत मॉस्कोच्या एका परिषदेत उघडपणे सांगितलं की हे गाठोडं सोडा, एसडीआयवर अडून बसू नका. पक्षातूनही असेच सल्ले येत होते. २८ फेब्रुवारी १९८७ ला गोर्बाचेव्हने जाहीर केलं, मध्यम पल्ल्याच्या मिसाइलांचा करार वेगळा करू, एसडीआयची अट नाही.

सगळं प्रकरण इथे फिरलं असं माझं मत आहे, आणि हा निर्णय घेणारा बाजू हरली म्हणून शरण गेला असं म्हणणं चूक आहे. त्याने हिशेब मांडला की एसएस-२० ने आपली सुरक्षा वाढली नाही, उलट पर्शिंग दारात आणून बसवलं, तर मग जास्त मोडावी लागली तरी मोडू. जे जास्त देतो तो हरतो हे गणितच त्याने फेकून दिलं.

एप्रिलमध्ये शुल्ट्झ मॉस्कोला गेले तेव्हा तो अजून पुढे गेला, त्याने एसएस-२३ म्हणजे ओका हे मिसाइलही यादीत टाकायची तयारी दाखवली. सोव्हिएत लष्कराच्या मते त्याचा पल्ला ४०० किलोमीटर आणि कराराची खालची मर्यादा ५००, म्हणजे ते यादीत यायलाच नको होतं. अशी २३९ मिसाइलं मोडली गेली आणि रशियन लष्करी माणसं याबद्दल अजूनही कडवटपणे बोलतात. त्यांचा राग मला समजतो. नेत्याने तडजोड करताना स्वतःच्या तज्ज्ञांना विचारलं नाही की ती जखम राहते, आणि ती राहिलीच.

मग २८ मेला मातियास रुस्ट नावाचा १८ वर्षांचा पश्चिम जर्मन पोरगा छोटं सेसना विमान घेऊन हेलसिंकीहून निघाला आणि अख्खी सोव्हिएत हवाई संरक्षण व्यवस्था पार करून रेड स्क्वेअरच्या बाजूला उतरला. गोर्बाचेव्हने संरक्षणमंत्री सोकोलोव्ह यांना काढलं, बरेच वरिष्ठ अधिकारी गेले, आणि लष्करातला विरोध त्या वेळेपुरता थंड पडला. जुलैत सोव्हिएत बाजूने आशियातलीही शिल्लक शंभर वॉरहेड सोडून दिली. ऑगस्टमध्ये जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल यांनी त्यांच्याकडची ७२ जुनी पर्शिंग-१ए काढायची तयारी दाखवली. आता अडचण उरली एकच, तपासणी.

गेटवरची माणसं

१९५० च्या दशकापासून प्रत्येक बोलणी इथेच अडायची. अमेरिका म्हणायची येऊन बघू द्या, सोव्हिएत म्हणायचे ही हेरगिरी आहे. १९६३ मध्ये सगळ्या अणुचाचण्या बंद करायचा करार हातातोंडाशी आला होता तेव्हा भांडण होतं वर्षाला किती तपासण्या, अमेरिका सातवर आली होती, तेव्हाचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह तीनवर. त्या चार तपासण्यांच्या फरकामुळे भूमिगत चाचण्या करारातून बाहेर राहिल्या आणि पुढची कित्येक दशकं चालू राहिल्या.

रेगन प्रत्येक भेटीत एक रशियन म्हण ऐकवायचा, दोव्हेर्याय नो प्रोव्हेर्याय, विश्वास ठेव पण तपासून बघ. गोर्बाचेव्ह वैतागायचा. पण १९८७ मध्ये सोव्हिएत बाजू म्हणायला लागली की या, कुठेही बघा, आणि आम्हीही तुमच्याकडे कुठेही बघू, तेव्हा अमेरिकेतच पंचाईत झाली. तिथल्या गुप्तचर खात्यांना आणि शस्त्र बनवणाऱ्या कंपन्यांना सोव्हिएत माणसं आपल्या फॅक्टरीत फिरणार ही कल्पना सहन होईना आणि अमेरिकेला स्वतःच्याच मागण्या कमी कराव्या लागल्या. इतकी वर्षं मागत होतो ते समोरच्याने दिलं की आपलीही तयारी नसते, हे दोन्ही बाजूंना त्या उन्हाळ्यात उमगलं.

शेवटी जे ठरलं ते असं. ५०० ते ५५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून सुटणारी सगळी मिसाइलं, अण्वस्त्रवाली असोत वा साधी, तीन वर्षांत नष्ट. अल्प मुदतीच्या सूचनेवर तपासण्या, पहिली तीन वर्षं वर्षाला २०, पुढची पाच वर्षं १५, नंतरची पाच वर्षं १०. आणि एकेका फॅक्टरीच्या गेटवर ३० पर्यंत इन्स्पेक्टर कायमचे, अमेरिकन लोक उद्मुर्तियातल्या वोत्किन्स्कला आणि सोव्हिएत लोक युटाहमधल्या मॅग्नाला.

वोत्किन्स्क म्हणजे संगीतकार चायकोव्स्कीचं जन्मगाव, परदेशी माणसाला बंद असलेलं शहर. १९८८ च्या जुलैमध्ये तिथे अमेरिकन राहायला आले. त्या फॅक्टरीत एसएस-२५ नावाचं लांब पल्ल्याचं मिसाइल बनत होतं, त्यावर बंदी नव्हती, पण त्याचा पहिला टप्पा बाहेरून एसएस-२० सारखाच दिसायचा. मग गेटमधून बाहेर पडणारा प्रत्येक मोठा डबा मोजायचा आणि त्यातले काही एक्स-रे मशीनने बघायचे असं ठरलं. १९९० च्या मार्चमध्ये त्या मशीनच्या वापरावरून चांगलंच वाजलं, आणि ते वाद गेटवर, टेबलावर आणि कागदावर मिटले. माझ्यासाठी अख्ख्या प्रकरणाचा गाभा हा आहे. सहा-सात वर्षांपूर्वी जी शंका अलार्मपर्यंत गेली असती ती आता गेटवरच्या तक्रारीपर्यंतच जात होती.

मे १९९१ पर्यंत २६९२ मिसाइलं नष्ट झाली, सोव्हिएत १८४६ आणि अमेरिकन ८४६. कझाक आणि रशियन माळरानावर स्फोट करून, टेक्सास आणि कोलोरॅडोत इंजिनं जाळून, ट्रक कापून, प्रत्येक वेळी समोरच्या देशाची माणसं हजर. दोन्ही बाजूंनी दाखवण्यापुरती काही ठेवली, वॉशिंग्टनच्या एअर अँड स्पेस म्युझियममध्ये एक पर्शिंग-२ आणि एक एसएस-२० शेजारी शेजारी उभी केली गेली.

पुढे काय झालं, आणि हे प्रकरण किती सांगतं

अमेरिकी सिनेटने ९३ विरुद्ध ५ मतांनी करार मंजूर केला, १ जून १९८८ पासून तो लागू झाला. त्याच वेळच्या मॉस्को भेटीत रेगनला विचारलं गेलं की अजूनही हे दुष्ट साम्राज्य वाटतं का, तो म्हणाला नाही, ते वेगळ्या काळातलं बोलणं होतं. ७ डिसेंबर १९८८ ला गोर्बाचेव्हने संयुक्त राष्ट्रांत पाच लाख सैनिक एकतर्फी कमी करायची घोषणा केली. फेब्रुवारी १९८९ ला शेवटचा सैनिक अफगाणिस्तानातून बाहेर. मग पोलंड, हंगेरी, भिंत, डिसेंबरमध्ये माल्टाला अमेरिकेचे नवे अध्यक्ष बुश आणि गोर्बाचेव्हची भेट.

सगळं श्रेय या एका कराराला देणं बरोबर होणार नाही. पूर्व युरोपातली माणसं स्वतःहून रस्त्यावर आली, पोलंडमधल्या सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने दहा वर्षं मार खाल्ला, अर्थव्यवस्था कोसळत होती, हे सगळं आहेच. पण १९५६ ला हंगेरीत आणि १९६८ ला प्रागमध्येही माणसं रस्त्यावर आली होती आणि तेव्हा सोव्हिएत रणगाडे आले. १९८९ ला ते आले नाहीत, कारण पश्चिमेकडून हल्ला येणार नाही याची खात्री मॉस्कोतल्या निर्णय घेणाऱ्यांना तोपर्यंत झाली होती आणि पूर्व युरोप नावाची मधली भिंत धरून ठेवायची निकड उरली नव्हती. ती खात्री भाषणांतून आली नव्हती, मोडलेल्या मिसाइलांमधून आली होती.

किंमतही मोजली गेली. अख्रोमेयेव्ह, ज्याने रात्रभर बसून शस्त्रं कापली, तो ऑगस्ट १९९१ मध्ये गोर्बाचेव्हविरुद्ध झालेल्या फसलेल्या बंडानंतर क्रेमलिनमधल्या ऑफिसात आत्महत्या करून गेला, आपला देश मोडताना बघवत नाही म्हणून. २५ डिसेंबर १९९१ ला गोर्बाचेव्हने राजीनामा दिला. अमेरिकेत मात्र आपण जिंकलो ही भाषा सुरू झाली, आणि माझ्या मते तीच मोठी चूक झाली, कारण ज्याने जास्त दिलं त्यालाच हरलेला ठरवलं की पुढच्या वेळी जास्त द्यायला कुणी तयार होत नाही.

आयएनएफमधल्या तपासण्यांचा हक्क तेरा वर्षांचा होता, तो २००१ च्या मे अखेर संपला आणि वोत्किन्स्क, मॅग्ना दोन्ही गेट मोकळी झाली. त्यानंतर करार कागदावर चालू राहिला. २०१४ पासून अमेरिका म्हणायला लागली की रशियाचं ९एम७२९ हे क्रूझ मिसाइल ५०० किलोमीटरच्या पुढे जातं, रशिया म्हणाला नाही जात, उलट रुमानियातली तुमची लाँचर करार मोडतात. जाऊन बघायची सोय तोपर्यंत उरली नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये रशियाने मॉस्कोजवळ त्या मिसाइलचा डबा आणि लाँचर मांडून दाखवले, अमेरिकेने माणूस पाठवला नाही, नुसतं बघून पल्ला कळत नाही म्हणाले. २ ऑगस्ट २०१९ ला करार संपला.